अर्ध्यावर थांबलेला झेंडा

जून, गुरुवार दुपार

प्रिय लिस्बेट,

रविवारी गाडीला ट्रेलर जोडून मला न्यायला यायचं, हे तू आणि जावईबापूंनी ठरवूनच टाकलंय. तळघरातल्या खोलीला पिवळा रंग दिलात, पडदे लावलेत, जिन्याला कठडाही बसवून घेतलात. फोटो पाहिले. खोली खरंच छान झाली आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. फोनवर तू विचारतेस आणि मी हवापाण्याचं सांगायला लागते. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात मध्येच कुणी बोलत नाही.

आईचं डोकं आता ठिकाणावर राहिलेलं नाही, ही शंका तुला कशावरून आली तेही मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला तुम्ही सगळे व्हिडिओ कॉलच्या त्या छोट्या पडद्यात दाटीवाटीने बसलात, मुलं गाऊ लागली, आणि गाणं निम्म्यावर असताना मी तुम्हाला काही न सांगता उठून गेले. तुम्हाला म्हणे बराच वेळ माझी रिकामी खुर्ची तेवढी दिसत होती. त्यानंतर तू रडलीस, हे मला नातीनेच सांगितलं. मला वाईट वाटलं गं. पण मी काही विसरले नव्हते की भरकटले नव्हते. मला खिडकीतून काहीतरी दिसलं होतं.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझा जन्म गेला. गावात कुणाचं कुणाशी जुळलं आणि कुणाचं फाटलं, हे पाद्रीबुवांच्या आधी मला कळायचं. मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं तेव्हा आमच्या या म्हाताऱ्यांच्या वसाहतीतले बाकीचे लोक आजाराला भ्यायले. मी भ्यायले ते याला, की आता मला काहीच कळणार नाही. सामाईक घराला कुलूप लागलं, म्हणजे दुपारच्या जेवणाचं टेबल गेलं आणि त्याबरोबर बातम्याही गेल्या. स्वयंपाकीण डबा उंबऱ्यावर ठेवायची, दार वाजवायची आणि मागे सरायची. केस कापणारी येईना, पायांची नखं काढणारी येईना. आमची व्यवस्थापिका बोडिल मात्र रोज सकाळी बागेच्या हातगाडीवर भोंगा ठेवून ती ओढत फिरायची आणि आम्ही आपापल्या दारात उभे राहून संगीतावर हातपाय हलवायचे. शेजारची गेर्डा एका पायावर इतका वेळ उभी राहू शकते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

मग मी नव्याने शिकायला लागले. उंबऱ्यावरच्या परत जाणाऱ्या डब्यांवरून कोण काय टाकतं ते कळायचं. जन्मभर मासळी विकलेला आमचा एक म्हातारा हेरिंगला तोंडसुद्धा लावत नाही. मास्कमुळे चेहरे गेले, तर मी चालीवरून आणि खोकल्यावरून माणसं ओळखायला लागले. तू हसशील, पण मी इतकी ताजीतवानी कित्येक वर्षांत नव्हते.

पण खरी बातमी एकच उरली होती, आणि ती म्हणजे मधल्या हिरवळीवरचा झेंडा. वाढदिवस असला की तो टोकावर, कुणी गेलं की अर्ध्यावर. तो सगळ्यांच्या खिडक्यांतून दिसतो. पूर्वी आम्हाला आधी माणसांकडून कळायचं आणि झेंड्याकडे कुणी नीट पाहायचंही नाही. आता सकाळी कॉफीच्या आधी प्रत्येक पडदा किंचित सरकायचा.

झेंड्याचं काम आक्सेल यांच्याकडे आहे. फ्योर्डच्या खाडीत चालणाऱ्या फेरीबोटीचे ते कप्तान होते. दोरीला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. सूर्य बुडायच्या आत झेंडा खाली आलाच पाहिजे, नाहीतर तो सैतानासाठी फडकतो, हे तुला आजोबांनीही सांगितलं असेल. अर्ध्यावर लावायची रीत मात्र मला नव्हती माहीत. ती त्यांनी सांगितली. झेंडा सरळ अर्ध्यापर्यंत कधी चढवायचा नसतो. आधी टोकापर्यंत न्यायचा, तिथे क्षणभर ठेवायचा आणि मग सावकाश खाली आणायचा. गेलेल्या माणसालाही आधी पूर्ण मान द्यायचा, असं त्यांचं म्हणणं.

हे त्यांनी कुंपणापलीकडून सांगितलं. बंदी सुरू झाल्यापासून रोज दुपारी ते त्यांचा कॉफीचा थर्मास घेऊन माझ्या झुडपांच्या पलीकडे खुर्ची टाकून बसायचे आणि मी अलीकडे माझा थर्मास घेऊन. आज काय शोध लागला, असं ते विचारायचे, आणि मी डब्यांचं, खोकल्यांचं सगळं सांगायचे. तुझे बाबा देवमाणूस होते, पण माझ्या चौकशा त्यांना नसती उठाठेव वाटायची. मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

तर तो वाढदिवस. तुम्ही गात होतात आणि माझा एक डोळा खिडकीबाहेर होता, कारण आज झेंडा माझा होता. आक्सेल हिरवळीवर आले, टोपी काढून त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि दोरी ओढायला लागले. झेंडा अर्ध्यापर्यंत चढला आणि थांबला. मी वाट पाहिली. तो वर गेलाच नाही.

तेवढ्यात घरातला दुसरा फोन वाजला. गेर्डा होती.

"थायरा, तू आहेस ना गं? मग गेलं कोण?"

नंतर कळलं, त्या वेळी वसाहतीतला प्रत्येक जण प्रत्येकाला फोन लावत होता आणि समोरच्याने उचलला की आधी हायसं वाटून मग रागावत होता. अर्ध्या लोकांनी मीच गेले असं धरलं होतं, वाढदिवशीच गेली बिचारी म्हणून. गेर्डाचा काळा ब्लाउज घालूनही झाला होता. पण त्या सगळ्यांनी नुसता थांबलेला झेंडा पाहिला होता. मी तो चढताना पाहिला होता. तो टोकाला शिवला नव्हता, म्हणजे कुणी गेलेलं नव्हतं. म्हणजे दोरीपाशीच काहीतरी बिघडलं होतं. मी उठले ते तेव्हा, लिस्बेट. तुम्हाला सांगायला थांबले नाही.

ते खांबाला पाठ टेकून गवतात बसले होते. दोरी उजव्या मुठीत घट्ट होती आणि डावा हात मांडीवर पडला होता, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. मी बोडिलला हाक मारली, तिने रुग्णवाहिका बोलावली. मी जवळ जायला लागले तर त्यांनी मान हलवली. त्यांच्या घशात दोन दिवस खवखव होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

"लांबच राहा, थायराबाई," ते म्हणाले. शब्द जड येत होते. "तुमचा झेंडा आहे. वर न्या."

त्यांनी दोरी सोडून खांबापासून अंग सरकवलं आणि मी तो टोकापर्यंत नेला. सगळे दारात येऊन पाहत होते. गेर्डा म्हणाली, आता काळा ब्लाउज घातलाच आहे तर दुपारपर्यंत राहू दे अंगात.

खवखव साधीच निघाली, त्या रोगाची नव्हती. पण डावी बाजू अधू झाली. जीभ आता सुधारली आहे, पाय काठीने चालतो, हात अजून नाही. त्यांना मुलंबाळं नाहीत. नगरपालिकेच्या बाई येऊन म्हणाल्या की ते एकटे राहू शकणार नाहीत. फ्योर्डपलीकडच्या शुश्रूषागृहात जागा आहे. तिथे भेटायला गेलेल्या माणसाने खिडकीबाहेर उभं राहायचं आणि काचेतून हात हलवायचा. मी त्या बाईंना पुष्कळ प्रश्न विचारले. त्या कंटाळल्या, पण मला हवं होतं ते कळलं.

ते असं, की एका घरातल्या माणसांना आपसात अंतर पाळावं लागत नाही. तेव्हा शनिवारी आक्सेल रुग्णालयातून घरी येताहेत, ते माझ्या घरी. बोडिलने आडवी आलेली कपाटं हलवून दिली आहेत. तुझी खोली छान आहे बाळा, पण मी येणार नाही, आणि रविवारी ट्रेलर आणू नकोस. तुम्ही या मात्र नक्की, अंगणात बसू, केकचं राहिलंय ते करू. हे तुला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. लोक हसतील, तुलाही अवघडल्यासारखं होईल, बाबांची आठवण येईल. मलाही येते. पण एक सांगते. त्या दिवशी रुग्णवाहिका येईपर्यंत ते गवतात बसले होते आणि मी समोर अंतर ठेवून उभी होते, नियमाप्रमाणे, हात पाठीमागे बांधून. त्यांना भीती वाटत होती, मला दिसत होतं. मी त्यांचा हात अजून एकदाही धरलेला नाही, लिस्बेट. शनिवारी धरणार आहे.

तुझीच,
आई