खोड आणि बिघाड

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. तुझ्या सभा जोरात चालल्यात असं कानावर आलं. घसा सांभाळ. इकडे आपलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद आहे, दुरुस्ती करणारं कोणी उरलं नाही. तुझी वहिनी माहेरी निघून गेली. दादाचा हात उठला, तो जरा जोरात बसला, तिच्या कानातून रक्त आलं. पण त्याच्यात खोड आहे, बिघाड नाही. तुझे बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे ना, थोडं मागे पडतं एवढीच खोड, रोज काटा पुढे करा, उघडायची गरज नाही. संसारातही काटे पुढे करावे लागतात. मी केलेच. तू लिहिलंस तर ती परत येईल. मला मात्र भाषण नको हं, नुसतं हो म्हण. माया आहेच, ती वाढू दे.
तुझी आई

ता. ११ मार्च

प्रिय वन्सं,
सा. न. वि. वि. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डाव्या कानाचा पडदा फाटलाय. काल शेजारणीचं घड्याळ सवयीने त्याच कानाला लावलं आणि बंद पडलंय म्हणून सांगून मोकळी झाले. ती म्हणाली, अगं, सेकंदकाटा फिरतोय की. दोघी खूप हसलो. मग मी आत जाऊन बसले. मला हे एकच काम येतं, आणि ते त्या दुकानाबाहेर कुठे करू? म्हणून परत जावंसं वाटतं. काय करू, सांगा. मायेत अंतर नसावं.
तुमची वहिनी

ता. १५ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि. आपण या घरच्या तिघी बायका, आणि आपलं दुखणं या घराने कधी दुखणं म्हणून धरलं नाही. तेव्हा भाषण ऐकावंच लागेल.

दादा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. मी दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडते. वहिनी काम करताना घड्याळाशी बोलते. या खोडी. माणूस त्यांच्यासकट आपला वाटावा, म्हणून हा शब्द आहे. ज्याने दुसऱ्याचा कान जातो त्याला खोड म्हणायचं, तर मग बिघाड कशाला म्हणायचं? बाबांना घड्याळाच्या बाबतीत हे चोख कळत होतं. घरी आल्यावर कळेनासं व्हायचं.

तू नेहमी उजवा कान पुढे करून ऐकतेस. लहानपणी आम्ही तुझी नक्कल करायचो. बाबाही हसायचे, आईची खोड म्हणायचे. वहिनीचं पत्र वाचलं आणि तू कसले काटे पुढे केलेस ते आता कळलं. इतकी वर्षं मी गावोगाव लोकांना ऐकवत फिरले. तुझा डावा कान कशाने गेला, हे घरात एकदाही विचारलं नाही.

वहिनीला मी 'परत ये' असं लिहिणार नाही. तिने माहेरीच राहावं, आणि तिथून येऊन दुकान तिने चालवावं. ते बाबांनी तुझ्या नावावर ठेवलंय, दादाच्या नाही. रागावलीस तरी माया आटवू नकोस. पण हे पत्र मिळताच दादाकडून दुकानाची किल्ली मागून घे, स्वतः तिच्या माहेरी जा, आणि ती तिच्या हातात दे.
तुझी धाकटी