विनोदरावांच्या गोळ्या

प्रिय रुचिरा,

फोनवर तू रडतेस आणि मलाच तुझी समजूत घालावी लागते, म्हणून लिहिते आहे. पत्र वाचताना हवं तेवढं रड, मला ऐकू येणार नाही.

तुझ्या सानवीचं लग्न झकास झालं. हातखंब्याचे व्याही खूश, तूही खूश. आपल्या भाट्ये गावातल्या बायका अजून तिच्या शालूबद्दल बोलतात. मी मांडवात सुजलेला डावा हात पदराखाली धरून बसले होते, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं. म्हणून तर फोटोत मला मागे उभं केलंस.

मी मासे विकणारी बाई, बोटाने दाबून ताजं-शिळं सांगते. छातीत गाठ लागली त्याच दिवशी तुला सांगितलं होतं. आई ह्याच दुखण्याने गेली, म्हणून डॉक्टरकडे निघालेच होते. तू अडवलंस. घराण्यात कॅन्सर आहे हे कळलं तर सानवीची सोयरीक मोडेल म्हणालीस. मग तू, मुंबईत औषधाच्या दुकानात बसणारी शहाणी, तुझ्या विनोदरावांना चालू आहेत त्याच कोलेस्ट्रॉलच्या गोळ्या मला पाठवल्यास. परदेशात संशोधन झालंय, ह्या गोळ्यांनी स्तनाचा कॅन्सर होतच नाही, असं ठासून सांगितलंस. मी अंगारा घ्यावा तशी रोज गोळी घेत राहिले आणि गाठ वाढत राहिली.

लग्न उरकलं आणि तुझी पाकिटं बंद झाली. तेव्हा उमगलं, त्या गोळ्या माझ्यासाठी नव्हत्याच, लग्न होईपर्यंत मला डॉक्टरपासून लांब ठेवायला होत्या. मग मीच दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्या गोळ्यांनी कॅन्सर टळतो का ह्याचा अजून अभ्यासच चालू आहे, नक्की काहीच नाही, आणि असलेली गाठ त्यांनी जात नाही. वेळेवर आले असते तर काढता आली असती. आता कॅन्सर हाडापर्यंत गेलाय. तुला हे माहीत नव्हतं असं मला सांगू नकोस.

गाठ फुटली आहे. जखम रोज धुवून पट्टी बदलावी लागते, फार वास येतो. घरी हे कोण करणार, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. माझी सून नम्रता पुढे झाली, तिला मी बाजूला केलं आणि तुझं नाव सांगितलं. माफ करायला बोलावत नाही, मला तुझा रागच येतो. मी मरेपर्यंत ती जखम तू रोज तुझ्या हाताने धुवायचीस, एवढ्यासाठी हे पत्र. रविवारपर्यंत आली नाहीस, तर धुवायला सानवीच्या सासूबाईंना बोलावीन.

तुझीच ताई,
कमळा