पुडीवरचं अक्षर

४ मार्च
डॉक्टरीणबाईंनी बजावलं — दारू बंद, आणि रोज सकाळी चार ओळी लिहायच्या, अक्षर कसंही येवो. म्हणून ही वही. तीस वर्षं औषधांचं दुकान चालवणाऱ्या बाईला शिस्त शिकवतात! शेवटची बाटली धाकट्या बहिणीने मोरीत ओतली. म्हणाली, "ताई, आज झुरळंसुद्धा झिंगणार!" मला हसू आलं नाही.

५ मार्च
घाम. झोप नाही. समोरच्या शिंपीणबाईंचं मशीन महिनाभर बंद आहे, तरी मला ऐकू येतं. त्यांची रक्तदाबाची गोळी, रोज एकदाच घ्यायची. आमच्या पुडीवर लिहिलं होतं — 'तीन वेळा'. चक्कर येऊन पडल्या, उजवं मनगट मोडलं.

अण्णांना मी त्याच दिवशी कामावरून काढलं. एकोणीस वर्षं माझ्या हाताखाली पुड्या बांधल्या त्यांनी. एवढंच म्हणाले, "बाई, हे अक्षर माझं नाही."

"मग काय भुताचं?" — मी. भर गिऱ्हाइकांत.

माझं तर नव्हतंच. माझं अक्षर छापल्यासारखं. आणि सकाळी दुकानात मी कधी थेंबही घेतला नाही.

६ मार्च
पेन धरवत नाही.

१२ मार्च
आज चहा सांडला नाही. धाकटी म्हणे, "चला, उद्यापासून बशी नको!"

१५ मार्च
अक्षर किती सुधारलं ते बघायला वही मागे उलटली. सहा तारखेची ओळ — ही कोणाची? शिरोरेघ घसरत गेलेली, 'त' मोडका.

अण्णांविरुद्ध पुरावा म्हणून ती पुडी खणात जपून ठेवली होती. काढली. वहीशेजारी ठेवली.

तोच 'त'. तीच घसरलेली रेघ.

सकाळी पीत नव्हते, हे खरं. सकाळी हात कापायचे, तेही खरं. ते मी कधी मनावर घेतलं नाही. पुडी लिहिल्याचं आठवून पाहते — काही म्हणता काही नाही. त्या सकाळी मी तिथे होते, आणि नव्हते.

१६ मार्च
धाकटी म्हणाली, "जाळून टाक ना ताई. कोणाला कळतंय?" काडेपेटीही तिनेच आणून दिली. दिवसभर ती पेटी माझ्यासमोर. घशाला कोरड. एक घोट मिळाला असता, तर जाळलंच असतं.

१७ मार्च
सकाळी अण्णांच्या दारात, त्यांच्या हाती — पुडी एक. सहा तारखेचं पान, फाडून. दुकानाच्या किल्ल्या. दोन्ही कागद उजेडात धरून त्यांनी पाहिले. 'आत या' म्हणाले नाहीत.

शिंपीणबाईंच्या हाती — कबुलीपत्र, सहीनिशी. त्यांनी ते डाव्या हाताने घेतलं.