अर्जासोबत न गेलेली कॅसेट

वादी कबीर, मस्कत
शुक्रवार, १६ नोव्हेंबर २००७

चि. प्रणाली,
अनेक आशीर्वाद.

तू इथं आमच्याकडे राहत होतीस, तेव्हाची ती शुक्रवारची सकाळ तुला आठवते का? जेवणाच्या टेबलावर अनुदानाचा तो आठ पानी फॉर्म पसरलेला. एका कोपऱ्यात मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते आणि तू बोटांवर शब्द मोजत होतीस. 'प्रकल्पाची माहिती, दोनशे शब्दांत.' तू मराठीत लिहायचीस, मी त्याचं इंग्रजी करायचे. शिकवण्यांच्या सवयीने माझ्या हातात लाल पेन. "आत्या, हा अर्ज आहे, दहावीचा पेपर नाही," असं म्हणून तू ते पेन काढून माझ्या अंबाड्यात खोचलंस. संध्याकाळी दळण आणायला गेले तर तिथला माणूस हसायला लागला. तेव्हा कळलं की पेन अजून अंबाड्यातच आहे.

आम्ही मजेत आहोत. हे एकतीस डिसेंबरला निवृत्त होतात, म्हणजे आमचा व्हिसाही संपला. सव्वीस वर्षांचं घर खोक्यांत भरतेय. रचना शुक्रवारी माबेलाहून येते, "मम्मी, थ्रो इट" म्हणते आणि मी टाकत नाही. तुझ्या बाबाला, बबनला, सांग की गुडघ्याचं तेल मिळालं. तू फोनवर "बरी आहे" एवढंच म्हणतेस. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवतेस ते चांगलंच आहे. पण कॅमेऱ्याचं नाव तू आठ वर्षांत काढलेलं नाहीस.

सोबत एक कागद ठेवलाय. रचनाने इंटरनेटवरून छापून दिला. त्याच संस्थेची नवी सूचना आहे: स्वतंत्रपणे चित्रपट करणाऱ्यांसाठी आणि रंगमंचावरच्या कलावंतांसाठी अनुदान, शेवटची तारीख एकतीस जानेवारी. वयाची अट काढलीय. आणि आता अर्ज मराठीतही चालतो. या वेळी तुला माझी गरज नाही, प्रणाली. हे वाचून मला बरं वाटलं, आणि मग बराच वेळ मी किचनच्या ओट्याला टेकून उभी राहिले.

तुझी मराठीतली पानं मी जपून ठेवली होती. पहिलं वाक्य असं होतं: 'माझी आजी केसराबाई नगरच्या कॉन्व्हेंटचे संडास आणि अंगण झाडायची, झाडताना गाणी रचायची, आणि त्याच शाळेत तिची मुलगी शिकायची.' मी त्याचं काय केलं, आठवतं? आजी एका शिक्षणसंस्थेशी संबंधित होती, असं काहीतरी गुळगुळीत इंग्रजी. तू वाचून खो खो हसलीस. "आत्या, हे वाचून आजी प्रिन्सिपॉल वाटतेय!" मी म्हटलं, "दोनशे शब्दांत एवढंच मावतं." तू मान्य केलंस. माझ्या इंग्रजीवर तुझा फार विश्वास होता.

ती मुलगी मी. हे तुला माहीत होतंच, बबनने सांगितलं असणार. त्याने सांगितलं नसेल ते मी सांगते. मदर सुपिरिअरने फी माफ केली, दोन गणवेश दिले, बूट दिले. सकाळी आई झाडत असायची आणि आम्ही मुली रांगेने तिच्या बाजूने वर्गात जायचो. मी कधी तिच्याकडे पाहिलं नाही. एकदा एका मुलीने विचारलं, "ती बाई तुझ्याकडे का बघते गं?" मी म्हटलं, "कोण जाणे." आई चार हातांवर होती. त्या संध्याकाळी तिने मला रोजच्यासारखी भाकरी वाढली.

इथं मस्कतमध्येही मी तेच केलं. मंडळात कुणी माहेरची चौकशी केली की 'आई शाळेत होती' म्हणायचे. खोटं नव्हतं ना!

आता खरं लिहिते. उगाच तेल आणि खोकी करत बसले.

तू सुट्टीत नगरला जाऊन आजीचं चित्रीकरण करून आलीस. तू कामाला होतीस त्या मुनीरच्या हमरियातल्या स्टुडिओत, लग्नांच्या कामांमधून वेळ काढून, तू अर्जाला जोडायची कॅसेट तयार केलीस. त्या आठवड्यात तुला सोहारला लग्नाच्या शूटिंगला जायचं होतं. फॉर्म आणि कॅसेट माझ्या हातात देऊन म्हणालीस, "आत्या, रुवीहून कुरिअर कर, तुझ्याशिवाय कुणावर सोडत नाही." मी दुपारी कॅसेट लावून पाहिली. आई ओट्यावर बसलेली, पदर डोक्यावर. तिने गायला सुरुवात केली:

पांढरं मोजं बाई, माझ्या लेकीच्या पायात
वळख देईना मला, पोरींच्या गं घोळक्यात

मी व्हीसीआर बंद केला. म्हणजे ती विसरली नव्हती. माझ्याबद्दलची तक्रार तिने गाण्यात बांधून ठेवली होती, आणि आता परकी माणसं खुर्च्यांत बसून ती ऐकणार होती. मी पाकिटात फॉर्म घातला. कॅसेट घातली नाही.

तीन महिन्यांनी संस्थेचं पत्र आलं: कामाचा नमुना मिळाला नाही, सबब अर्ज विचारात घेता आला नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "व्हिडिओ कॅसेट तपासतात गं इथं कस्टममध्ये. अडकली असेल." इथं कुणीही यावर विश्वास ठेवला असता. तू तर माझीच भाची.

चित्रीकरणाच्या मूळ टेपवर तोवर मुनीरकडे दुसरं लग्न चढलं होतं. "काही नाही आत्या, मार्चमध्ये जाऊन पुन्हा आजीला बसवते," म्हणालीस. फेब्रुवारीत आईची वाचा गेली आणि दहा दिवसांनी आई. त्यानंतर तू कॅमेरा विकलास. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवत होते, आणि कॅसेट आतल्या खोलीत कपाटाच्या तळाशी, जुन्या साड्यांखाली होती.

जूनच्या वादळात वादीचं, एरवी कोरड्या असणाऱ्या नाल्याचं, पाणी घरात गुडघाभर आलं. कपाटाचा तळ चिखलाने भरला. मी पहिली धाव कशाकडे घेतली ते ह्यांनी पाहिलं आणि विचारलं, "काय आहे त्यात?" मी सांगितलं. दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत.

मग मी कॅसेट घेऊन मुनीरकडे गेले. त्याने लेबलवरचं अक्षर ओळखलं. "भाभी, ये तो प्रणाली का है. ये तो चेकिंग में गया था ना?" त्याने पुन्हा विचारलं नाही. पाच दिवस कॅसेट उघडून, पुसून, वाळवून त्याने जेवढं निघालं तेवढं सीडीवर घेतलं. "पिक्चर खलास, भाभी. आवाज है, चार मिनट."

पडद्यावर नुसत्या करड्या रेघा. त्यांच्या मागून आई. मी जिथं बंद केलं होतं, तिथून पुढे ती गात होती:

वळख नको गं देऊ, लेकी जा तू वर्गात
माय झाडती वाट, धूळ नको गं मोज्यात

तक्रार नव्हती ती, प्रणाली. आठ वर्षं मी पुढची ओळ ऐकली नव्हती. तुझा सिनेमा गेला, आईचा चेहरा गेला, आणि ती माझ्यासाठी वाट झाडत होती.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, म्हणूनच मागत नाही.

आता वाटणी लिहिते. मुनीरने तीन सीड्या केल्यात. एक तुझी. चिखलाची मूळ कॅसेट आणि तुझी मराठी पानंही तुझीच, या पाकिटात आहेत. अर्ज करायचा की नाही ते तू ठरव. केलास तर पहिलं वाक्य तुझंच ठेव, संडास या शब्दासकट, आणि कॅसेट कुठे राहिली असं विचारलं तर माझं नाव लिही. दुसरी सीडी बबनला, विहारातल्या बायकांना ऐकवायला. तिसरी रचनाची. तिचं मराठी अडखळतं, पण अर्थ मी सांगेन, ते काम तुझ्यावर टाकत नाही. व्हीसीआर मुनीरला दिला. लाल पेन मी कुणालाच देत नाही.

जयभीम.

केसराबाईची मुलगी,
शैला