शनिवारचा फोन

शनिवार, दिवेलागणीला

आज पप्पांचा फोन मी कापला. मीच.

तुरुंगातून त्यांना आठवड्यात एकदाच फोन करता येतो, शनिवारी दुपारी. इकडून लावता येत नाही. म्हणून आई मोबाइल माझ्यापाशी ठेवून अडतीवर धान्य निवडायला जाते. आज नेमकी वर्गातली मैत्रीण गणितं सोडवायला आली होती. तिला मी सांगितलंय, पप्पा पुण्याला कंपनीत आहेत. आणि पप्पांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "भेटीला कधी येताय?" तेही केवढ्या मोठ्या आवाजात.

"कुणाचा गं?"

"जाहिरातीचा."

ती जाईपर्यंत मोबाइल मांडीखाली धरून बसले. परत वाजला नाही.

आई आल्या आल्या म्हणाली, "काय म्हणले पप्पा?"

"आलाच न्हाय फोन."

"लाइन लई मोठी असंल तिथं." मोबाइल चार्जिंगला लावून ती भाकरी करायला बसलीय. दर भाकरीला एकदा वळून बघतेय.

मला लाज कुणाची वाटली नेमकी?

आलेल्या फोनच्या यादीतून तो नंबर मी पुसून टाकलाय. फोन आला होता, हे आता मला आणि पप्पांनाच माहीत आहे.