पिशव्या कोण बघणार?

१२ एप्रिल, गुरुवार

रोहितचा फोन. पुतण्या, ह्यांच्या मोठ्या भावाचा मुलगा. हिंजवडीला लागल्यापासून साधी गोष्ट साधी बोलत नाही. "काकू, यंदा सुट्टीत सगळ्यांनी पाण्यात खेळायला जायचं. खर्च माझा. जागा फायनल करायचीय, प्रत्येकाची रिक्वायरमेंट सांगा."

लेकीची, मिनूची विचारली. तिला जमिनीतून उडणारी कारंजी हवीत, वर्गातल्या कुणीतरी पाहिलीत म्हणे. ह्यांची विचारली. ह्यांना खडकीपासून जवळ हवं. मी तोंड उघडतेय तोवर म्हणतो, "तुमचं काय काकू, तुम्ही तर बसणारच." ठेवला फोन.

बसणारच! दर उन्हाळ्यात मी बसते. सगळे पाण्यात आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीवर, पिशव्या, चपला, घड्याळं, ह्यांचं पाकीट, मिनूचा चष्मा सांभाळत. गेल्या वर्षी तर एक भलतंच कुटुंब आलं, "ताई, तुम्ही बसलाच आहात तर आमच्याही बघाल का?" म्हणून सामान टाकून गेलं. जेवायच्या वेळी माझ्याकडेच डबा मागायला आले.

मी पवनीची. वैनगंगेच्या काठची. घाटावरून उडी मारायचे ती पार पलीकडच्या रेतीवर निघायचे, पोरं मागे राहायची. इथे खडकीच्या क्वार्टरमध्ये पाणी म्हणजे सकाळी नळाला येतं ते.

यंदा मी उतरणार. लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

१४ एप्रिल, शनिवार

जयंती. सकाळी विहारात वंदना. पांढरी साडी, वरून ऊन, मिनूची कुरकुर. दुपारी जेवायला कोथरूडहून मोठे बाबा आणि जाऊबाई. मोठे बाबा म्हणजे ह्यांचे दादा, माझे भासरे. मिनू म्हणते तेच मीही लिहिते. पुढे मो.बा., हात दुखतो.

मो.बा. आज विहारात बोलले. स्त्री-पुरुष समानता. छान बोलले, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तिथून घरी येऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "मिनू, आईला विचार, वरण आहे का अजून?" आई दोन हातांवर पळी घेऊन उभी.

"मिनू, सांग, आहे."

मिनू आता इकडचं तिकडे सांगतही नाही. खाली मान घालून जेवते. आम्हीच तिच्या डोक्यावरून बोलतो. भासऱ्यांशी बोलायचं नसतं, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नसतो, हे सासूबाईंनी लग्नात सांगितलं. सासूबाई गेल्या. मिनू दहा वर्षांची झाली. शाळेच्या ऑफिसात मी दिवसभर पालकांशी भांडते, शिक्षण खात्याच्या साहेबाला गप्प बसवते, आणि घरी मला बोलायला पोर लागते.

जेवणानंतर जागेचा विषय. रोहितने तीन आणल्यात. एक, मुंबई रस्त्यावरचा मोठा पार्क, घसरगुंड्या, खोल तलाव. दोन, कर्वेनगरच्या एका क्लबातली कारंजी. तीन, त्यांच्याच सोसायटीतला हौद. सोसायटीतलं जाऊबाईंनी उडवलं: "शेजारीपाजारी गॅलरीतून पाहतात बाप्पा." मोठ्या पार्कात नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यावे लागतात, ते कोणाकोणाच्या अंगावरचे, म्हणून तेही नको. मो.बा.ना सावली आणि जवळ संडास हवा. ह्यांना जेवण तिथलंच नको, घरून नेऊ. (नेऊ म्हणजे मी करू.)

मला विचारलं नाही. भांडी घासली.

२२ एप्रिल, रविवार

कर्वेनगरचा क्लब बघून आलो, हे आणि मी, स्कूटरवर. दारात पाटी: 'पाण्यात उतरण्यापूर्वी आंघोळ करावी. घरून केली असल्यास पुन्हा करावी.' पुण्यात आल्याची खात्री पटली.

जागा मात्र बरी. मऊ रबरी फरशी, तिच्यातल्या भोकांतून कारंजी उडतात, मध्येच वरून एक भली मोठी बादली कलंडते आणि पोरं किंचाळतात. खोली नाहीच. पाणी पडतं नि वाहून जातं.

खिडकीतल्या गृहस्थांना विचारलं, मोठ्यांना उतरता येतं का?

"तिकीट काढलं की येतं."

"पंजाबी ड्रेस चालेल?"

"नायलॉन. सुती नाही."

"आणि ओढणी?"

"ओढणीचं वेगळं तिकीट नाही. पण पाण्यात तिचं काय काम?"

हे बाजूला बघत होते. परत येताना स्कूटरवर बोलून टाकलं, मी पण उतरणार आहे. म्हात्रे पूल आला. मग, "तू? दादासमोर?"

"दादांनी डोळे मिटावेत."

गाडी जरा हलली. घरी येऊन टीव्ही.

२४ एप्रिल, मंगळवार

जाऊबाईंचा फोन. "काय करून राहिली?" म्हटलं कणीक. त्यांना क्लबातल्या लॉकरचा भरवसा नाही. किल्ली हरवली तर? कुलूप तोडलं तर? "अन् मग पिशव्या कोण पाहील?" असं म्हणून स्वतःच हसल्या, "तू आहेस ना, मी पण बसीन तुझ्याजवळ. गप्पा मारू."

कणकेला बुक्क्या घातल्या. पोळ्या मऊ झाल्या, ह्यांनी कौतुक केलं.

२८ एप्रिल, शनिवार

खडकी बाजारात जाऊन घेऊन आले. काळा, नायलॉनचा, गुडघ्याखालपर्यंत, पूर्ण बाह्यांचा. दुकानदार म्हणे, मुलीसाठी ना? म्हटलं, मुलीच्या आईसाठी. त्याने मग मोठा साइज काढला आणि माझ्याकडे न बघता पिशवीत घातला.

घरी कडी लावून घालून पाहिला. मिनूने फटीतून बघितलं. "आई, तू गोताखोर दिसतेस." हसून हसून पलंगावर पडली. मलाही हसू आलं, पण आरशात बघितलं तर दंड, पोट, सगळं जिथल्या तिथे. बरं वाटलं, का नाही लिहू?

साड्यांच्या खाली ठेवलाय.

१ मे, मंगळवार

जागा बदलली! रोहितने मोठा पार्क बुक केला. आईसाठी नवा कपडाच विकत घेतो म्हणाला, मग जाऊबाईंची हरकत मिटली. मला आनंद. तिथे खोल तलाव आहे.

संध्याकाळी पुन्हा बदलली. मो.बा.चा गुडघा. एवढं चालायचं नाही. आता परत क्लब. रोहितचा चढलेला आवाज: "काकू, मी ऑफिसात चाळीस लोकांचं काम ठरवतो. आमचे सहा जण एका हौदावर ठरत नाहीत!" म्हटलं, सहा नाही रे, पाच. सहावीला कोण विचारतं. त्याला कळलं नाही. "म्हणजे काकू?" म्हटलं, काही नाही, पुऱ्या करू का दशम्या?

स्वतःचाच राग आला. तिथेच सांगायला काय झालं होतं?

३ मे, गुरुवार

मो.बा. स्वतः क्लब बघून आले. कॅन्टीनचा चहा आवडला. झालं. तीन आठवडे चाललेल्या चर्चेचा निकाल चहावर लागला. रविवार पक्का.

६ मे, रविवार

आजच लिहून टाकते.

निघतानाच साडीच्या आत काळा कपडा घातला होता. मरणाचं उकडत होतं. रिक्षात हे म्हणाले, घाम का येतोय एवढा? म्हटलं मे महिना आहे.

क्लबात पोचलो. रोहित नि हे लगेच आत. मिनू तर चप्पल हवेत उडवून. जाऊबाई माझ्याजवळ बसल्या, हुश्श केलं, पदराने वारा घेतला. तेवढ्यात रोहित आला, "आई, चल, नवा आणलाय ना." नको रे, नको रे, करत गेल्या आणि कपडे बदलून बाहेर आल्या ते थेट बादलीखाली. गप्पा मारणार होत्या म्हणे माझ्याशी!

उरलो मी, पिशव्या आणि मो.बा. मध्ये एक खुर्ची रिकामी. मो.बा. पेपर वाचतायत. त्यांना पाण्यात जायचं नाही, उठायचं नाही, चहा येतोय जागेवर. पिशव्या त्यांच्या पायाशी सरकवल्या की झालं. एवढंच विचारायचं. पण कोण विचारणार? विचारणारी कारंज्यात.

बसले. बादली कलंडली. बसले. पुन्हा कलंडली. मग उभी राहिले आणि ओरडले, "मिनू! मोठ्या बाबांना विचार, पिशव्या बघता का?"

"काऽऽय?"

"मोठ्या बाबांना म्हणावं, पिशव्या!"

"ऐकू येत नाही, आई!"

पेपर हलला नाही. कारंज्यातली सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. शेवटी तो शिट्टीवाला रखवालदार आला आणि म्हणाला, "बाई, गृहस्थ शेजारीच बसलेत. तुम्हीच विचारा की! माझ्या शिट्टीपेक्षा तुमचा आवाज मोठा होतोय."

धरणी दुभंगेल तर बरं. पण दुभंगायला खाली रबर.

वळले. आणि मग कळलं की मला ह्या माणसाला हाक मारता येत नाही. शब्दच नाही माझ्याकडे. अहो म्हणावं तर ते ह्यांना. दादा ह्यांचे. भाऊजी म्हणायला ते धाकटे दीर नव्हेत. इतकी वर्षं मो.बा.ना वाढतेय, त्यांच्या आजारपणात डबे नेलेत, आणि हाक नाही.

म्हटलं, "मिनूचे मोठे बाबा, पिशव्या बघता का? मला पाण्यात उतरायचंय."

त्यांनी पेपर खाली केला. आधी मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्या कुणाशी बोलतेय का. मागे भिंत. मग माझ्याकडे नाही, पिशव्यांकडे पाहिलं. "हं," म्हणाले. वाकून एकेक पिशवी ओढून घेतली, चष्म्याची डबी खिशात घातली.

पळाले. साडी सोडली, घडीसुद्धा घातली नाही. बाहेर आले तर मो.बा.नी खुर्ची फिरवली होती. पाण्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे, मांडीवर पिशव्या. भिंतीवर बघायला काही नव्हतं. ऊन होतं. सावलीतली जागा सोडून उन्हात बसले होते, कारण भिंत तिकडेच होती.

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग आला. भरूनही आलं. दोन्ही एकदम.

आणि पाणी! कारंजं पायाखालून उडालं तर किंकाळी फुटली माझ्या तोंडून. मिनू धावत आली, "आई! आई आली!" बादली डोक्यावर घेतली. जाऊबाईंचा हात धरून नाचले. पण दम कसा तो लागेना. हात मारायला पाणीच नाही. शेवटी सरळ उताणी पडले फरशीवर, पाठीखाली फवारे, कानांत पाणी, आणि वर आभाळ. तसंच, घाटाजवळ पडायचे तसं.

शिट्टी. "बाई, झोपू नका! लहान मुलं अडखळतात!"

परतताना रिक्षात हे गप्प. दशम्या मात्र संपल्या.

७ मे, सोमवार

हे अजून गप्प. भाजीत मीठ जास्त आहे एवढंच बोलले. नव्हतं.

जाऊबाईंचा फोन. मला वाटलं काळ्या कपड्याचं बोलतील. पण तसलाच त्यांनीही घातलेला. "तू त्यांच्याशी बोललीस म्हणे. सगळ्यांच्या पुढं." म्हटलं, पिशव्यांचं विचारलं. "अगं, पण मला हाक मारायची ना. मी आली असती. घरात एक रीत होती तेवढी..."

"तुम्ही बादलीखाली होतात."

"म्हणून काय झालं?"

म्हणून काय झालं! दाणकन ठेवला फोन. मग वाईट वाटलं. मग पुन्हा राग आला. मो.बा. काय म्हणाले ते विचारायचं राहिलं. आता कुणाला विचारू? मिनूला?

१० मे, गुरुवार

हे बोलले एकदाचे. "दादा दुखावला असेल."

"असं म्हणाले?"

"नाही. पण असेल."

"मग विचारा ना त्यांना."

"असं कसं विचारायचं?"

म्हणजे सख्ख्या भावाशीही ह्यांना बोलता येत नाही. पदर तर ह्यांच्या डोक्यावर नाही!

१३ मे, रविवार

दुपारी फोन वाजला. हे झोपलेले, मिनू कॅरम खेळायला शेजारी. उचलला.

"मिनू आहे का?" मो.बा.

एरवी मी फोन बाजूला ठेवून मिनूला हाक मारते किंवा ह्यांना उठवते. आजही हात तिकडे गेला. मग म्हटलं, "नाहीये. शेजारी गेलीय."

तिकडे पंख्याचा आवाज. वाटलं, ठेवतील. ठेवला नाही. खाकरले.

"रोहित म्हणतो, महिनाअखेर त्या मोठ्या पार्कात जाऊ. खोल पाणी आहे म्हणे तिथे." थांबले. "मिनूला पोहता येतं का?"

"मिनूला नाही," मी म्हटलं. "मला येतं."

पुन्हा खाकरले. मग, "हं."

फोन ठेवला नाही त्यांनी. मीही नाही. पंखा ऐकू येत होता. पुढे काय बोलायचं असतं भासऱ्यांशी, ते कुणी शिकवलंच नाही.