भर दुपारचे दिवे

वशेणी, ता. उरण
१९ जानेवारी २०२५

चि. हरेश्वर यास,
मैनाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघंही दोन वाक्यांत गप्प होतो आणि मग तू पालीला ऊन किती आहे ते सांगत बसतोस. म्हणून हे पत्र.

रुचिकाला बंदरातल्या ऑफिसात कायम केलं, लेकीची ती एक चिंता मिटली. वाल चांगला आलाय, कोणी तिकडे येणारं असेल तर शेंगा पाठवते. काळजी आहे ती ह्यांची. आपला अल्पेश जाऊन चार महिने झाले. पहिले दोन महिने हे ओटीवर बसून होते. ट्रेलर अंगणात उभा, चावी खुंटीला. मग एके दिवशी दुपारी जेवून उठले ते सरळ त्याच्या खोलीत गेले आणि रुचिकाला म्हणाले की, त्याचा तो विमानाचा खेळ मला लावून दे.

तो कॉम्प्युटरवर विमान चालवायचा ते तुला ठाऊक आहे. एका छोट्या विमानातून देशाला वळसा घालत होता. मुंबईहून किनाऱ्याने खाली, मग वर कोलकात्यापर्यंत आणि तिथून आत वळून परत मुंबई. तापाने चार दिवसांत पोर गेलं तेव्हा विमान कोलकात्याला उभं होतं. ह्यांचं म्हणणं असं की, ड्रायव्हरचं काही बरंवाईट झालं तर घरचा माणूस जाऊन गाडी आणतो, परमुलखात सोडत नाहीत. तसे हे आणायला गेलेत. तीस वर्षं ट्रेलर हाकल्यामुळे वरूनही हायवे ओळखतात. पाटणा, लखनौ करत जयपूरपर्यंत आले.

अडचण दिव्यांची आहे. खेळात वैमानिकाला गुण असतात. अल्पेशचे ब्याण्णव होते, आता एकाहत्तर राहिले. पन्नासाच्या खाली गेलं की लायसन रद्द, आणि वर लिहिलेलं ‘कॅप्टन अल्पेश म्हात्रे’, त्याचे सातशे तास, हा सगळा प्रवास, पुसून टाकतात. डिसेंबरात नवे नियम आले. उडताना-उतरताना भर दुपारीसुद्धा पुढचा मोठा दिवा लावायचा. ह्यांना ते हसू आणणारं वाटलं, पण शिकले. जमिनीवर चालताना मात्र मोठा बंद आणि छोटा चालू हवा, आणि ह्या विमानात दोन्हींना बटण एकच. लावून ठेवलं तर मोठा का लावला म्हणून दोन गुण कापतात, विझवलं तर छोटा का विझवला म्हणून तीन. दुसरं विमान घ्यावं तर प्रवास मोडतो.

हे रडले नाहीत, हरी. एकदाही नाही. ते नाव पडद्यावरून गेलं तर ह्यांचं काय होईल, ह्या विचाराने घास उतरत नाही. तू शिकलेला आहेस, काहीतरी कर.

केसरला आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
मैनाताई

•

पाली
२६ जानेवारी २०२५

ती. मैनाताईस,
हरेश्वरचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र काल, सहा दिवसांनी मिळालं. वशेणीहून पालीला चालत निघालेला माणूस वाटेत दोन मुक्काम करून, जेवून-झोपूनही आधी पोचला असता, असं केसरचं मत पडलं. तिने पत्र दोनदा वाचलं आणि मग वालाच्या शेंगांची चौकशी केली. डोळे पुसण्याची तिची ही पद्धत तुला माहीत आहे.

दाजींना सांग की त्यांच्या बटणाचा प्रश्न नवा नाही. एका यज्ञात सोमाचं एक विशिष्ट पात्र घ्यावं असं एक वेदवाक्य सांगतं आणि घेऊ नये असं दुसरं. आमच्या मीमांसकांनी त्यावर डोकं खाजवून निकाल दिला की, घ्या किंवा घेऊ नका, करणाऱ्याला दोष नाही. दोन्ही बाजूंनी दंड करावा हे मात्र त्यांना सुचलं नाही. त्यासाठी कॉम्प्युटर यावा लागला.

हा युक्तिवाद मी खेळाच्या कंपनीला कळवला आहे. यज्ञ वगळून. माझं इंग्रजी वाचून ते दयेनेसुद्धा गुण परत देतील, अशी आशा केसरला वाटते.

पण ताई, मास्तरचा हात बेरजेकडे वळतोच. कोलकात्यापासून जयपूरपर्यंत तीन टप्पे झाले. दर टप्प्याला निघताना दोन आणि पोचल्यावर दोन, म्हणजे बारा गुण. गेले एकवीस. मग उरलेले नऊ कुठे गेले? दाजी तीनदा दिवा विझवतात, असा त्याचा अर्थ. नववीतली पोरंसुद्धा माझ्यापासून एवढे गुण लपवत नाहीत. एकदा त्यांच्या मागे बसून बघ आणि मला कळव.

तू वेळेवर जेव. हे सांगण्याइतका मी मोठा झालो नाही, तरी सांगतो.

तुझ्या आशीर्वादाची सवय लागलेला,
हरेश्वर

•

वशेणी
१६ फेब्रुवारी २०२५

चि. हरेश्वर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सांगण्यावरून स्टूल घेऊन मागे बसले. नऊ गुणांचा उलगडा झाला, पण तुला आवडेल असा नाही.

समोरून विमान आलं की हे दिवा विझवतात. जमिनीवर असो, हवेत असो, हात आपोआप बटणावर जातो. समोरचं निघून गेलं की पुन्हा लावतात. दर वेळी तीन गुण. रुचिका चिडली. तिने समजावलं की बाबा, ज्या विमानांवर नाव दिसतं त्यात कुठेतरी घरी बसलेला खरा माणूस असतो, बाकीची नुसती यंत्राची असतात, त्यांना डोळे नाहीत. ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की, एवढ्या लांबून नाव वाचता येत नाही, मग कुणाला डोळे आहेत ते आधी कसं ओळखायचं. ती उठून स्वयंपाकघरात आली आणि भांडी आपटत बसली.

जयपूर ते अहमदाबाद आणि तिथून सुरत, ह्या दोन टप्प्यांत सतरा गुण गेले. आता चोपन्न. विमान सुरतेला आहे. शेवटचा टप्पा मुंबई. रुचिकाने मांडून दाखवलं की, निघण्या-पोचण्याचे चार जाऊन बरोबर पन्नास उरतील आणि नाव राहील. पण दिवा एकदाही विझवता कामा नये. ह्यांनी मान डोलावली. मला त्यांच्या मानेचा भरवसा नाही.

कंपनीकडून काही आलं का? तुझं पत्र येईपर्यंत हे सुरतेहून निघणार नाहीत. मीच अडवून ठेवलंय.

आमच्यावर लक्ष असू दे.

तुझी,
ताई

•

पाली
२३ फेब्रुवारी २०२५

ती. दाजींस,
हरेश्वरचा साष्टांग नमस्कार वि. वि.

कंपनीची दोन उत्तरं आली. पहिल्यात माझं मत त्यांना मोलाचं वाटल्याचं कळवलं होतं. दुसऱ्यात ते मोल किती ते कळलं. नियम सर्वांना सारखे आहेत आणि कापलेले गुण परत मिळत नाहीत.

दुसरं उत्तर वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण भाषा ओळखीची निघाली. तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही. अल्पेश नववीला माझ्याकडे राहत होता, तेव्हा वार्षिक परीक्षेत त्याने एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच विभागात लिहिलं. उत्तर निर्दोष होतं. जागा चुकली म्हणून मी शून्य दिलं आणि तो दोन गुणांनी संस्कृतात नापास झाला. भाच्याला सूट दिली असं कुणी म्हणू नये, याची मला फार काळजी होती. संध्याकाळी त्याने माझ्या सायकलची उतरलेली चेन बसवून दिली आणि हात धुऊन जेवायला बसला. पुढच्या वर्षी त्याने संस्कृत सोडलं. मी आजवर हजारो पेपर तपासले, पण अलीकडे तो एकच पेपर पुन्हा पुन्हा हातात येतो.

तेव्हा नियमाची बाजू घेण्याचा अधिकार मला नाही. तरीही एक विनंती करतो. तीस वर्षं तुम्ही रस्त्यावर सभ्यपणे वागलात. आता एकदा, फक्त सुरत ते मुंबई, उद्धट व्हा. कोणीही समोर येवो, दिवा चालू ठेवा. त्याला डोळे असतील तर मिटेल तो घडीभर. ताईला त्या नावाची फार गरज आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही.

रागावलात तरी चालेल, परकं मात्र करू नका.

तुमचा,
हरेश्वर

•

वशेणी
३ मार्च २०२५

हरेश्वर मास्तर यांस,
धर्मा म्हात्रेचा रामराम.

मी पत्र कधी लिहिलं नाय. मालाच्या पावतीवर सही केली तेवढीच. चुकलं तर लाल शाई मारू नका.

काल दुपारी सुरतेहून गाडी काढली. मैना आणि रुची मागं बसल्या होत्या. डहाणूपासून किनारा धरला. वसईची खाडी ओलांडली आणि मुंबईला नीट उतरवलं, धक्का नाय बसला. दिवा चालूच ठेवला, तुमी सांगितलं तसा. वाटेत दोन विमानं समोरून गेली, त्यांनाही नाय विझवला. लाज वाटली पण नाय विझवला. पन्नास गुण उरले होते. उभं करायची जागा समोर दिसत होती, आपल्या घरापासून बांधापर्यंत असेल इतकीच लांब.

तेव्हा एक विमान वळून माझ्या नाकासमोर आलं आणि थांबलं. वाट एकच होती. त्याच्यावर नाव होतं. कुठल्या देशाचा माणूस ते रुचीला पण नाय कळलं. माझा दिवा सरळ त्याच्या काचेवर. रुची म्हणाली, बाबा, हात लावू नका.

मास्तर, मी लगेच नाय विझवला. विचार केला. अल्पेश अठराचा असताना ट्रेलर शिकत होता. पेणच्या पुढं समोरून एक टेम्पो आला आणि अल्पेशने आपला दिवा खाली नाय घेतला. मी त्याला उतरवला आणि मैलभर गाडीच्या मागं चालत आणला. एवढी शिक्षा करून शिकवलेलं. आता त्याचंच नाव वर लावून मी कुणाच्या डोळ्यांत दिवा मारू, ते मला जमलं नाय. विझवला.

समोरच्याने पण विझवला. त्याचे पण तीन गेले असतील.

मग लाल अक्षरं आली आणि अल्पेशचं नाव, तास, सगळं गेलं. मैनाने माझा खांदा धरला. सहा महिन्यांचं माझं राहिलेलं होतं ते सगळं तेव्हा झालं, ते लिहीत नाय. मैना सांगेल. ती आज दोन भाकऱ्या जेवली.

त्या पेपराचं मला ठाऊक होतं. त्याने घरी येऊन सांगितलं होतं की मामा खरा माणूस आहे, माझं उत्तर बरोबर होतं हे त्याने सगळ्या वर्गाला सांगितलं आणि मग शून्य दिलं. हसत सांगितलं होतं. तुमी तो पेपर आता ठेवून द्या.

नंतर यंत्राने नवीन नाव मागितलं. रुचीने विचारलं की पुन्हा अल्पेशचंच टाकू का. मी नको म्हटलं. मग मीच एका बोटाने टाकलं. वेळ लागला, पण बरोबर आलं. शून्य तास दाखवतंय.

केसरवहिनींना नमस्कार. सवड काढून दोघं या, आणि लोभ आहे तो असाच धरून ठेवा. खाली सही करतो, तेच नाव टाकलं.

धर्मा नामदेव म्हात्रे